गुंडी आणि काज

वर्धेकाठच्या कौंडण्यपुरात, माझ्या लहानपणी, आई सदऱ्याला गुंड्या लावी. महाविद्यालयात जाऊ लागल्यावर मी तिला एकदा टोकले, "गुंडी नव्हे, बटण म्हण." ती काही बोलली नाही, माझ्यासमोर तो शब्द मात्र पुन्हा तिच्या तोंडी आला नाही. पुढे भाषाविज्ञान शिकताना कळले, की 'बटण' इंग्रजीतून आले आणि 'काज' पोर्तुगीज 'कासा' या शब्दावरून. 'कासा' म्हणजे घर. परक्या शब्दांना मराठीने घर दिले, याचा मला आनंदच आहे. पण मी घरचाच शब्द शिक्षणाच्या तोऱ्यात घराबाहेर काढला. आई आता नाही. विद्यार्थी मित्रहो, प्रमाणभाषा अवश्य आत्मसात करा; परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे शब्द खोडू नका, टिपून ठेवा.