दोन करड्यांमधली रेषा

रायगडाच्या कुशीतून येणारी गांधारी महाडजवळ सावित्रीला मिळते. नाते-पोलादपूरकडच्या माणसाला नदीची कड कुठे, असं विचारलं तर तो उलट विचारेल, चैत्रातली की आषाढातली? जुलै 2021 मध्ये सावित्री महाडच्या घराघरांत शिरली होती. पात्राच्या बाहेर पूररेषा आखतात त्या यासाठीच: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. फुप्फुसाच्या कर्करोगाला रेडिओथेरपी, गावाकडे जिला ‘लाईट’ म्हणतात ती, द्यायची तर आम्हा डॉक्टरांचंही काम असंच असतं. सीटीच्या एकेका स्लाइसवर आधी दिसणाऱ्या गाठीची कड आखायची. तिच्या बाहेर, न दिसणाऱ्या पेशी जिथवर गेल्या असतील तिथवर दुसरी. त्याच्याही बाहेर तिसरी, कारण गाठ श्वासाबरोबर हलते आणि रुग्ण रोज तंतोतंत तसाच झोपत नाही. हे काँटूरिंग आता कॉम्प्युटर काही मिनिटांत करून देतो, आणि ते हवंच आहे. मात्र कड जिथे चित्रात आहे तिथेच ती त्याने आखावी. जिथे ती चित्रात नाहीच, तिथे रेषा हा निर्णय असतो, आणि यंत्राची रेषा डोळ्यांसमोर येण्याआधीच तो डॉक्टरने घेतलेला असावा.

सीटीच्या मापात पाणी 0, हवा उणे 1000, हवेने भरलेलं फुप्फुस उणे 700-800 च्या आसपास आणि गाठ साधारण 30 ते 50. म्हणून फुप्फुसाच्या मधोमध असलेली गोटीएवढी गाठ काळ्या पाटीवरच्या खडूच्या ठिपक्यासारखी उठून दिसते. तिथेही स्क्रीनवरची विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात दाखवायच्या आकड्यांची पट्टी, बदलून पाहावी. फुप्फुसाच्या विंडोत गाठीला केसासारखे तंतू फुटलेले दिसतात; छातीच्या मधल्या भागाच्या विंडोत ते नाहीसे होतात आणि गाठ आक्रसते. आकडे मात्र तेच असतात. गाठीने श्वासनलिका दाबून पलीकडचं फुप्फुस मिटलं असेल, तर हवा गेलेलं ते फुप्फुसही गाठीसारखंच करडं दिसतं. दोन करड्यांच्या मध्ये रेषा नसते. ती आपण ठेवतो.

नेदरलँड्समधल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 तज्ज्ञांनी 22 रुग्णांच्या गाठी आखल्या. नुसत्या सीटीवर त्यांच्या रेषांचं प्रमाण विचलन 1 सेंटीमीटर होतं, मिटलेल्या फुप्फुसालगत 1.9. पेट स्कॅन जोडल्यावर ते 0.4 आणि 0.5 वर आलं. माणसांमध्येच एवढी तफावत असेल तर यंत्र काय वाईट, त्याची रेषा निदान रोज सारखी येते, असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात वजन आहे. पण इथे तफावत कमी झाली ती नव्या माहितीमुळे. यंत्र नवी माहिती आणत नाही. ज्यांच्या रेषांवर ते शिकलं त्यांची सवय आणतं. ती सवय चुकीची असेल, तर प्रत्येक रुग्णात गाठीचा तोच कोपरा डोसाविना राहील.

आपल्याकडे पेटवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. पेटचं औषध साखरेच्या जातीचं. ते कर्करोग ओढून घेतो, तशा क्षयाच्या गाठीही घेतात. त्यातून फुप्फुसाच्या शेंड्याला जुन्या टीबीचा व्रण आणि त्याला चिकटूनच नवी गाठ असेल, तर युरोपातल्या स्कॅनवर शिकलेल्या सॉफ्टवेअरकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. शंका आली की रेषा थोडी मोठी काढावी, हा सोपा उपायही टिकत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या अमेरिकेतल्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, तिच्यात 74 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) घेतलेले रुग्ण 60 ग्रेवाल्यांपेक्षा कमी जगले, आणि हृदयाला किती डोस गेला याचा जगण्याशी संबंध दिसला. वाढवलेली रेषा निरोगी फुप्फुसातून आणि हृदयावरूनच जाते.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात किंवा आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात महाडहून पोहोचलेल्या माणसाला एकेक दिवस मोलाचा असतो. म्हणून फुप्फुसं, हृदय, मज्जारज्जू यांच्या रेषा यंत्राने काढाव्यात आणि आपण तपासाव्यात. हाताचा बराच वेळ तिथेच जातो. वाचलेला वेळ गाठीला द्यावा. यंत्राची रेषा नंतर उघडावी, आणि दोन्ही रेषा दोन शब्दांच्या कारणासह जपून ठेवाव्यात: ‘टीबीचा व्रण वगळला’, ‘मिटलेलं फुप्फुस, पेटवरून’. पुढचं सॉफ्टवेअर आपल्या माणसांच्या छातीवर शिकवायचं झालं, तर लागणार आहेत त्या याच जोड्या.