मोरकी, नाडीची गाठ आणि पहिले व्रत



सारंगखेड्याचा घोडेबाजार आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून आलेले घोडे तापीकाठी उभे राहतात. यंदा आमचे भावजी तिथून अडीच वर्षांची घोडी घेऊन आले. तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. बाजारात असा भोवरा अशुभ मानतात, म्हणून यात्रा संपत आली तरी तिला गिऱ्हाईक नव्हते. मोकळ्या रानात वाढलेली, अंगाला माणसाचा हात माहीत नसलेली. शिरपूरच्या शेतावर टेम्पोतून उतरली ती थेट कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली. सासूबाईंनी नाव ठेवले चंदना. बेड्या आणि उपास दोन्ही सोसलेल्या सतीचे नाव.

तिचे खूर वाढून चिरले होते. धनुर्वाताचे इंजेक्शनही द्यायचे होते, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. नालबंद आला, लांबूनच बघून म्हणाला, “वहिनी, पंधरा दिवसांनी येतो. तोवर उभी राहिली तर ठीक, नाहीतर चौघे मिळून दोर टाकून पाडू.” दुसऱ्या एका जाणत्याने सल्ला दिला की निंबाला आखूड बांधा, दोन दिवस पाणी-चारा तोडा, आपोआप वठणीवर येते.

मी मान हलवली, पण मनात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. रोज प्रतिक्रमणात आपण ते म्हणतो. बांधणे पहिले आणि उपाशी ठेवणे पाचवे, आणि त्या सल्ल्यात दोन्ही होते. उपाशी ठेवणे तर सोडूनच द्या. घोड्याचे पोट लहान, त्यात आम्ल सतत झिरपत असते, म्हणून त्याला दिवसरात्र थोडे थोडे खावे लागते. पोट रिकामे राहिले की आतून सोलते. (चंदनाला चउविहार नाही हे बाळगोपाळांना समजावता समजावता पुरेवाट झाली!)

पण बंधाचे काय? मोरकी घातल्याशिवाय ना सुई, ना खूर. न बांधणे हीसुद्धा तिची हेळसांडच झाली असती. सासूबाई म्हणाल्या, “अतिचाराचा अर्थ नीट बघ.” जुन्या टीकाकारांनी याचा विचार केलेला आहे. न बांधता राहतील अशीच जनावरे श्रावकाने शक्यतो ठेवावीत. कारणाने बांधावेच लागले तर सैल बांधावे, त्याला हलता यावे, आणि आग लागली तर लगेच सोडता किंवा तोडता यावे. निष्कारण, निर्दयपणे, आवळून बांधणे हा दोष.

मग आम्ही दोघींनी दिवस वाटून घेतले. मी सकाळी वाड्यात घमेल्यात कुट्टी घेऊन बसायची, एका सामायिकाएवढा वेळ, अठ्ठेचाळीस मिनिटे. ते सामायिक नव्हे, पण तेवढे स्थिर बसायची सवय आपल्याला असते ती कामी आली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे कपाळासमोर जवळचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून जायचे ते खांद्याच्या बाजूने, तिरपे, नजर न रोखता. तिने मान ताठ केली की थांबायचे. कान माझ्याकडे वळवला की मीच एक पाऊल मागे जायचे. भीती वाटली तर ही बाई मागे सरते, एवढे तिला कळले पाहिजे.

सहाव्या दिवशी तिने घमेल्यात तोंड घातले. आठव्या दिवशी माझा हात आयाळीच्या मुळाशी पोचला. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिने खालचा ओठ सैल सोडला तेव्हा सासूबाईंची माळ थांबली. मग मऊ सुती दोर नुसता मानेवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, दोन्ही बाजूंनी. अकराव्या दिवशी आधी नाकावर, मग कानामागून, अशी मोरकी चढली. चालवताना ओढायचे नाही, कारण ओढले की घोडा उलटा जोर लावतो. दोर जरासा ताणायचा आणि तिने एक पाय टाकला की त्याच क्षणी सैल सोडायचा. ते सैल सोडणे हाच तिचा धडा.

अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने रानटी घोड्यांना संरक्षण आहे आणि जास्तीचे घोडे सरकार लोकांना दत्तक देते. त्यांना माणसाळवताना आज अनेक जण हीच वाट धरतात.

आता गाठीचे. आपण परकराच्या नाडीला देतो तशी, एक टोक ओढले की सुटणारी. खुंट्याला तीच गाठ, आणि तीही आपण जवळ असतानाच. काम झाले की मोरकी काढून ठेवायची, नाहीतर खूर किंवा कुंपण अडकून मान मोडते. घोडेवाले हेच सांगतात आणि आगीच्या वेळी सोडता यावे म्हणणारे टीकाकारही हेच.

पंधराव्या दिवशी नालबंद आला. डॉक्टरांनी मानेत सुई दिली, तिने एकदा डोके झटकले एवढेच. पुढचे दोन खूर साफ झाले. मागचा पाय उचलताच ती बिथरली. नालबंदाने दोराकडे बघितले, मी गाठीचे टोक ओढले आणि तिला मोकळे केले. “राहू द्या,” तो म्हणाला, “मागचे पुढच्या महिन्यात.”

त्या महिन्याभरात मागच्या पायांना हात लावायची सवय करायची आहे. भावजींना अजून वाटते की आम्ही उगाच वेळ घालवतो. पण काल ते स्वतःच घमेले घेऊन कुंपणापाशी बसले होते.