एक सप्टेंबर बेचाळीस

‘माझी खरी जन्मतारीख २ सप्टेंबर १९४२ ही असून यापूर्वी नोंदवलेली १ सप्टेंबर १९४२ ही तारीख नजरचुकीने लागलेली आहे.’ शपथपत्रातलं हे वाक्य मला पाठ झालं आहे. त्याखाली ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याची सही आहे, आणि वाक्य धादांत खोटं आहे. त्यांनी ते आपण होऊन लिहिलं नाही, त्यांच्याकडून ते लिहून घेतलं गेलं. का, तर संगणक म्हणाला की १ सप्टेंबर १९४२ अशी तारीखच नाही.

जालन्यात मस्तगडला माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, स्कॅनिंग, ऑनलाइन अर्ज, हे पुढच्या बाजूला. मागच्या टेबलावर लिनक्सची मशीन आहे. तिच्यावर मी संस्थांच्या जुन्या याद्या साफ करून देते. दुबार नावं काढायची, तारखा एका साच्यात आणायच्या, वयं काढायची. हे काम माऊसने होत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून, त्यांची स्क्रिप्ट करून होतं. जालन्यात हे करणारे फार नाहीत, त्यामुळे काम मिळतं.

तारखांचा घोळ आमच्या भागाला नवा नाही. मस्तगडचा किल्ला १७२५ साली काबिल खानाने बांधला आणि त्याची नोंद देणारा शिलालेख फारसीत आहे. जमिनीचे जुने कागद निघाले की त्यांवर फसली साल असतं, महिने आजूर, दय, बहमन असे. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं. म्हणून इसवी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष. सप्टेंबर १९४८ मध्ये, ते वर्ष सरायच्या आत, निजामाचं राज्यही सरलं. माझ्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जन्म या दोन कालगणनांच्या मधले आहेत. बहुतेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी ठरवलेली. निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच.

त्या शपथपत्रावर सही करणाऱ्या मामांची १ सप्टेंबर होती. तीही हेडमास्तरांनीच दिलेली असणार, पण त्यांची आई म्हणायची की पोळा तोंडावर आला होता. त्या वर्षी अधिक महिना आला होता, पोळा सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास पडला. म्हणजे मास्तरांनी अंदाज बांधला तो चांगलाच जवळचा. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर तीच तारीख, आधारवर तीच, मतदार यादीतलं वय त्याच्याशी जुळणारं. आयुष्यभर कुणी तिला हरकत घेतली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुदत ठेव पिकली. मोसंबीच्या बागेला टँकरने पाणी घालायला त्यांना ते पैसे हवे होते. जालन्याच्या माणसाला मे महिन्यातली मोसंबी म्हणजे काय हे सांगायला नको. २०१२–१३ च्या दुष्काळात बागाच्या बागा सरपणाला गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. झाड लावल्यापासून धड फळ यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि ते वाळायला पाण्याविना गेलेले थोडे आठवडे पुरतात. ज्या सहकारी संस्थेत ठेव होती तिचं नाव मी घेत नाही. त्यांनी नुकतीच सगळी खाती नव्या संगणकप्रणालीत नेली होती. मामांचं खातं त्यात आलंच नाही. खिडकीवर उत्तर मिळालं: जन्मतारीख चुकीची आहे, बरोबर पुरावा आणा.

त्यांनी उतारा नेला. उताऱ्यावर १ सप्टेंबर. त्यांनी आधार नेलं. त्यावरही १ सप्टेंबर. खिडकीवरच्या माणसाने त्यांच्यादेखत तारीख पुन्हा भरली, पडदा पुन्हा लाल झाला. दोन्ही कागद हातात असताना, दोन्ही सरकारी शिक्क्याचे असताना, चुकीचा ठरला तो कागद. पडद्यावर संशय घ्यावा असं तिथे कुणालाच वाटलं नाही. मग कुणीतरी २ सप्टेंबर भरून पाहिलं. ते लागलं. लगेच ठरलं की मामांचा जन्म २ तारखेचा असणार आणि तसं शपथपत्र करून आणायचं.

मामा माझ्याकडे आले ते शपथपत्र टाइप करून घ्यायला. म्हणाले, “बाई, एक तारखेला जल्मलेलं माणूस त्यांच्या मशीनला चालंना. दोन तारीख टाक.”

मी म्हटलं, “मामा, असं कसं होईल? थांबा जरा.”

“थांबायला बाग थांबती का?”

मी टाइप करायला नकार दिला. त्यांनी ते कचेरीसमोर बसणाऱ्या दुसऱ्याकडून करून घेतलं. त्यांचं बरोबरच होतं, झाडं वाळत होती. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी संस्थेत गेले. तिथला संगणकावरचा मुलगा ओळखीचा निघाला आणि त्याने नाकारलेल्या नोंदींची फाइल दाखवली. इतर ओळींत ‘नाव रिकामे’, ‘पत्ता अपूर्ण’ असं काहीबाही होतं. मामांच्या ओळीत मात्र इंग्रजीतलं ‘इनव्हॅलिड डेट’. ते शब्द मी दर आठवड्याला पाहते. लिनक्सवरची ‘डेट’ नावाची आज्ञा तारीख समजली नाही की हेच बोलते. म्हणजे खाती हलवताना रात्री एक स्क्रिप्ट चालली होती आणि ती प्रत्येक जन्मतारीख या आज्ञेतून गाळून घेत होती.

दुकानात परत येऊन मी तीच तारीख माझ्या मशीनला विचारली. ३१ ऑगस्ट १९४२ चालली. २ सप्टेंबर चालली. १ सप्टेंबरला ‘इनव्हॅलिड डेट’. मग तीच तारीख ‘दुपारी बारा’ असं जोडून दिली. चालली! टाइमझोन भारताचा काढून यूटीसी ठेवला. तरी चालली. ‘झेडडंप’ नावाची दुसरी आज्ञा आहे, ती एखाद्या ठिकाणाच्या घड्याळाचे सगळे बदल ओळीने छापते. तिला ‘एशिया/कोलकाता’ दिलं आणि पडद्यावर जे आलं ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले.

दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. पहिल्यांदा १ ऑक्टोबर १९४१ ला. १५ मे १९४२ ला ती मागे आली. पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ला पुढे, ती थेट १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. म्हणजे ३१ ऑगस्ट १९४२ ची रात्र संपली तेव्हा बारा वाजायच्या जागी एकदम एक वाजला. बारा ते एक हा तास त्या तारखेला नव्हताच. आणि ‘डेट’ या आज्ञेला नुसती तारीख दिली, वेळ दिली नाही, की ती मनातल्या मनात मध्यरात्रीचे बारा धरते. १ सप्टेंबर १९४२ चे मध्यरात्रीचे बारा नव्हते, म्हणून तिच्या लेखी ती तारीख चुकीची.

चोवीस तासांपैकी तेवीस तास त्या दिवसाचे शाबूत होते. त्यात माणसं जन्मली, मेली, बाजार भरला. मामांच्या वस्तीवर त्या काळात घड्याळ नव्हतं. दिवस कासराभर वर आला, गुरं परतली, दिवेलागण झाली, अशी तिथे वेळ मोजायचे. त्या वस्तीतल्या पोराची जन्मतारीख लढाईच्या हुकुमाने सरकवलेल्या काट्यापायी आठ दशकांनी नाकारली गेली. ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याला हे ठाऊक नसेल हे मी समजू शकते. मलाही नव्हतं. मला जे समजत नाही ते असं, की जन्मतारखेत वेळ कशाला हवी? उताऱ्यावर वेळ नाही, आधारवर नाही, अर्जात तिचा रकाना नाही. वय काढायचं तर १९७० च्या १ जानेवारीपासूनचे सेकंद मोजायचे, त्याआधी जन्मलेल्यांचे उणे सेकंद, आणि मग वजाबाकी, ही सवय या धंद्यात इतकी मुरली आहे की साधा दिवससुद्धा आधी क्षणात बदलतात. मामांनी क्षण सांगितलाच नव्हता. त्यांनी दिवस सांगितला होता.

जी मुलं आता हे काम शिकतात त्यांना मी कळकळीने सांगते. जन्मतारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मजकूर म्हणून साठवा. ती नुसती अक्षरं म्हणून लावली तरी बरोबर क्रमाने लागते. वय काढताना वर्षातून वर्ष वजा करा आणि यंदाचा वाढदिवस व्हायचा असेल तर एक कमी करा. सेकंदांची गरज नाही. आज्ञेतून गाळायचीच असेल तर दुपारचे बारा जोडा किंवा यूटीसीत गाळा. आपल्या पद्धतीने दिवस, महिना, वर्ष अशी तिरप्या रेघांची तारीख या आज्ञेला कधी देऊ नका. ती अमेरिकन रीतीने महिना आधी वाचते. ५ ऑगस्टचा ८ मे करून टाकते आणि चकार शब्द काढत नाही. दिवस १२ च्या पुढचा असेल तरच ओरडते. वर्ष दोन आकड्यांत देऊ नका. ६८ पर्यंतचे आकडे ती दोन हजारांत नेते, ४२ चा माणूस २०४२ मध्ये जन्माला घालते. आणि शेलमध्ये महिन्याची बेरीज करताना पुढचं शून्य काढा. शून्य लावलेला आकडा तिथे अष्टमान पद्धतीतला धरतात आणि त्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात. जुलैपर्यंत बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट ऑगस्टमध्ये कोसळते, सप्टेंबरभर पडून राहते आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप उभी राहते. तोवर शोधणारा वेडा झालेला असतो.

हे सगळं सांगूनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या रात्री माझा राग ज्या आज्ञेवर होता तिच्याविषयीच मला आदर वाटू लागला. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. १ सप्टेंबर १९४२ चे मध्यरात्रीचे बारा खरोखर वाजले नव्हते, आणि माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. जगातल्या स्वयंसेवकांनी जुने हुकूम आणि राजपत्रं चाळून ही टाइमझोनची नोंदवही वर्षानुवर्षं लिहीत आणली. तीत १९०६ च्या १ जानेवारीला मद्रासच्या वेळेवरून साडेपाच तासांच्या वेळेवर आलो तेव्हाची, आठ मिनिटं पन्नास सेकंदांची उडीही आहे. त्यामुळे १ जानेवारी १९०६ हीसुद्धा ती ‘इनव्हॅलिड’ म्हणते. कोलकात्याच्या नावाची ही एक नोंद सबंध भारतासाठी वापरली जाते, त्यात निजामाच्या राज्यातलं जालनाही आलं. ती नोंदवही लिनक्सच्या मशीनमध्ये असते आणि जवळजवळ कुणीच उघडत नाही. मी आता रिकाम्या वेळी ती वाचते.

म्हणून माझी तक्रार ना आज्ञेशी आहे, ना खिडकीवरच्या माणसाशी. त्याला लाल पडदा दिसला, त्याने वरून आलेल्या नियमाप्रमाणे केलं. असं मी म्हणते खरं, पण म्हणताना जीभ अडखळते. कारण त्याच्या समोर जिवंत माणूस दोन कागद घेऊन उभा होता. आणि १ सप्टेंबर चालत नाही, २ सप्टेंबर चालतो, हे पाहून शाळकरी पोरालाही प्रश्न पडला असता. त्याच्यासमोरच २ तारीख भरून पाहिली गेली होती. तेव्हा तरी पडायला हवा होता.

मामांना ठेवीचे पैसे मिळाले, बाग तगली. आता त्यांच्या दोन जन्मतारखा आहेत. संस्थेत २, आधारवर १. पुढे या दोन्ही जुळवून पाहणारी कुठलीतरी प्रणाली येईल तेव्हा पुन्हा काहीतरी अडकेल, आणि मामा त्या वेळी नसले तर त्यांच्या वारसांना ते निस्तरावं लागेल. मी त्यांना म्हटलं, आपण अर्ज देऊ, शपथपत्र मागे घेऊ.

ते म्हणाले, “राहू दे की. एका दिसानं काय फरक पडतो?”

“तुम्ही शपथेवर खोटं लिहून दिलंय मामा, तुमची काही चूक नसताना.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अर्ज लिही. वाचून दाखव. मग सही करतो.”

सहकारी संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावी लागते आणि मामा सभासद आहेत. अर्ज मी लिहिला आहे, सोबत ‘झेडडंप’चं पान छापून जोडलं आहे. यादीत १ ऑक्टोबर १९४१ चेही सभासद असतील तर त्यांचीही खाती तपासावीत, आणि ज्यांच्याकडून अशी शपथपत्रं घेतली ती संस्थेने आपल्या खर्चाने रद्द करून द्यावीत, अशा दोन मागण्या आहेत. मामा दुसरीवर घुटमळले होते, ‘आपल्या खर्चाने’ काढ म्हणाले. मी काढलं नाही, आणि ते तसंच का राहायला हवं हे त्यांना समजावल्यावर त्यांनी सही केली. तारखेच्या जागी सभेची तारीख पडेल, ती अजून जाहीर व्हायची आहे.