कापडाची उलटी बाजू

भरतकाम बघायचं तर कापड उलटं करून बघावं, असं आमच्या घरात मानतात. फूल कसं उमटलं ते समोरून कळतं. करणारीने दोरा कसा हाताळला ते मागून. अम्मीने मला जुजदानावर, म्हणजे कुराण शरीफ ठेवायच्या कापडी पिशवीवर, पहिला टाका घालू दिला. त्याआधी बरेच दिवस नुसता दोरा हाताळायला लावला होता.

सवयी साध्याच आहेत. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत पोचेल एवढाच दोरा घ्यायचा. सुई पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला, तर तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, चमक जाते, मध्येच गाठ बसते. लडीच्या दोऱ्यात सहा पदर असतात. दोन हवे असतील तर एकदम ओढायचे नाहीत; एकेक सुटा काढून मग जुळवायचे. दहा-बारा टाके झाले की सुई लोंबकळत सोडायची, म्हणजे जास्तीचा पीळ आपोआप सुटतो. लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून रंग जातो का बघायचा. आणि पातळ पांढऱ्या कापडामागून गडद दोरा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत ओढत न्यायचा नाही. समोरून त्याची सावली दिसते.

हे बोटांत मुरलं की वाटतं, आता काहीही जमेल. पण नवी पद्धत जुन्या सवयींची परीक्षा घेते. धारवाडकडच्या कसुतीत छाप काढत नाहीत, कापडाचे धागे मोजतात. तिच्या गवंती टाक्यात धावदोरा घालत पुढे जायचं आणि सुटलेल्या जागा भरत परत यायचं. दोन्ही बाजू सारख्याच दिसायला हव्यात, म्हणून गाठ मारायची नाही. टोक टाक्यांतच लपवायचं. लखनवी चिकनकारीतला बखिया याच्या अगदी उलट. तो पातळ कापडाच्या मागून भरतात, आणि समोर दिसणारी दोऱ्याची फिकट सावली हेच त्याचं सौंदर्य. जी सावली टाळायला मी शिकले, तीच तिथे मुद्दाम आणायची! आरीकामात तर दोरा खाटेवर ताणलेल्या कापडाखाली असतो. खालचा हात न बघता तो आकड्याला पुरवतो. शेवटचा टाका नीट अडकवला नाही, तर अख्खी साखळी एका ओढीत उसवते.

कसुती कानडी मुलखातली, चिकनकारी लखनौची, तिथल्या असंख्य मुस्लीम बायकांच्या हातची. शिकताना बोटं हे विचारत नाहीत. आपली मराठी तरी कुठे विचारते? कशिदा, जरी, रफू हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथलेच झाले.

चिंचपाड्याहून सुरत रेल्वेने जवळ. पलीकडच्या नवापूर स्टेशनाचा तर अर्धा फलाटच गुजरातेत आहे. त्यामुळे सुरतेची जरी आम्हाला सहज मिळते, आणि तिथलं मशीनचं स्वस्त भरतकामही सहज येऊन पोचतं. गिऱ्हाईक दोन्ही शेजारी ठेवून भाव करतं, तेही सुलट्या बाजूने. हातकामाची मजुरी नगावर ठरते, तासांवर नाही. मग मागे लांब दोरे ओढणारी बाई दिवसात जास्त नग करते, आणि टोक लपवत बसणारी कमी कमावते. कापड दोन-चारदा धुतल्यावर कुणाचं काम टिकलं ते कळतं, पण तोवर मजुरी देऊन झालेली असते.

म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना मी टाक्यांबरोबर आणखी एक गोष्ट सांगते. नग देताना कापड गिऱ्हाइकासमोर उलटं करा, किती तास लागले ते सांगा, आणि मग भाव बोला. सगळे मान्य करत नाहीत. पण मागची बाजू आपणच दाखवली नाही, तर तिचे पैसे कोण देणार?