वैराच्या दरीतून जाणारी वाट

टग फोर्क ही नदी काही फार मोठी नाही. उन्हाळ्यात तर आपल्या मार्कंडेयेसारखी दगडाधोंड्यांतून वाट काढत जाते. पण तिच्या अलीकडच्या काठावर अमेरिकेतले वेस्ट व्हर्जिनिया राज्य संपते आणि पलीकडच्या काठावर केंटकी सुरू होते. सीमेवरच्या नदीला पाण्यापेक्षा इतिहासच जास्त असतो, हे आपल्या भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत मुलांकडे जाणारी आपली मंडळी नायगारा, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन पाहून परततात. या दऱ्यांकडे सहसा कोणी फिरकत नाही. आमचा जावई ओहायोत असतो. "बाबा, या वेळी जरा वेगळी अमेरिका पाहू," म्हणून त्याने गाडी दक्षिणेला वळवली आणि आम्ही दोन दिवस या कोळशाच्या मुलखात काढले. गर्द झाडीने झाकलेले, एकाला एक चिकटलेले डोंगर. मध्ये चिंचोळी दरी आणि त्या दरीत नदी, रेल्वे, रस्ता आणि घरांची एक रांग, सगळे दाटीवाटीने बसलेले. विल्यमसन गावात तर 1933 साली चक्क कोळशाच्या चिऱ्यांनी बांधलेली इमारत आहे. काळी कुळकुळीत आणि चकचकीत! कोळशाने या गावाला काय दिले, हे त्या एका इमारतीवरून कळते. कोळसा गेल्यावर काय उरले, ते शेजारच्या बंद दुकानांवरून कळते.

दोन घराण्यांचे वैर

या दरीचे नाव जगभर झाले ते मात्र कोळशामुळे नव्हे, भांडणामुळे. वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला हॅटफिल्ड घराणे, केंटकीच्या बाजूला मॅकॉय. 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला उभा राहिला. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते, तसाच हा प्रकार. पण इथे प्रकरण कोर्टात थांबले नाही. 1882 च्या ऑगस्टमध्ये मतदानाच्या दिवशी मारामारी झाली. तीत हॅटफिल्डांचा एक माणूस प्राणघातक जखमी झाला. तो दगावल्यावर मॅकॉयांच्या तीन तरुण मुलांना नदीकाठी झुडपांना बांधून गोळ्या घालण्यात आल्या. 1888 च्या नववर्षदिनी मॅकॉयांच्या घरावर हल्ला झाला, त्यात आणखी दोन मुले गेली.

मग केंटकीची माणसे नदी ओलांडून आली आणि हॅटफिल्डांच्या लोकांना जबरदस्तीने पकडून घेऊन गेली. त्यावरून दोन राज्यांचे गव्हर्नर एकमेकांसमोर उभे ठाकले. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 1888 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की आरोपींना पळवून नेणे बेकायदा असले, तरी तेवढ्यामुळे त्यांना परत पाठवण्याचे बंधन केंटकीवर येत नाही. 1890 मध्ये एकाला फाशी झाली आणि हळूहळू वैर निवले. लोगन जिल्ह्यात रस्त्यालगतच्या टेकडीवर हॅटफिल्डांच्या म्होरक्याची कबर आहे. तिच्यावर त्याचा पूर्णाकृती संगमरवरी पुतळा आहे. अजूनही लोक टेकडी चढून तो पाहायला जातात.

खाणी मिटल्या, माणसे गेली

वैर संपले आणि रेल्वे आली. रेल्वेपाठोपाठ खाणी आल्या. मेटवन या छोट्या गावात 1920 साली खाणमालकांचे भाडोत्री पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला. कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पोलीसप्रमुखाचे आडनावही हॅटफिल्डच होते. त्या गोळ्यांच्या खुणा गावातल्या एका विटांच्या भिंतीवर आजही दाखवतात.

पुढे यंत्रे आली, कोळशाची मागणी घटली आणि माणसांची गरज संपत गेली. शेजारच्या मॅकडॉवेल जिल्ह्याची लोकसंख्या 1950 मध्ये जवळजवळ 99 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 19 हजारांच्या आसपास आली. ज्या जिल्ह्यातून देशाचे पोलाद वितळवणारा कोळसा गेला, त्याच जिल्ह्यात 1961 मध्ये गरिबांना धान्याची कुपने देण्याची योजना प्रथम सुरू करावी लागली.

आणि जमीन? ती गावकऱ्यांच्या नावावर फारशी नव्हतीच. डोंगरच्या डोंगर कोळसा, लाकूड आणि जमिनीच्या कंपन्यांच्या मालकीचे. घर दरीत, पण घरामागचा डोंगर परक्याचा. त्या डोंगरांत खाणींनी आणि लाकूडतोड्यांनी पाडलेल्या जुन्या वाटा मात्र मोप होत्या. चार जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या घेऊन हौशी पोरे तिथे शिरत. कंपन्या फाटक लावत, पोरे फाटक चुकवत. कंपन्यांची भीतीही खोटी नव्हती. उद्या एखादा पोरगा कड्यावरून खाली गेला, तर नुकसानभरपाईचा दावा कोणावर लागणार?

कायद्याने काढलेली वाट

याच प्रश्नाचे उत्तर वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 1996 मध्ये कायदा करून दिले आणि 'हॅटफिल्ड-मॅकॉय प्रादेशिक मनोरंजन प्राधिकरण' स्थापन झाले. कायद्याचे नाव ऐकून वाचकांनी पान उलटू नये. मला त्या दोन दिवसांत डोंगरांइतकीच ही कलमेही रंजक वाटली.

कायद्याच्या सुरुवातीलाच विधिमंडळाने आपले म्हणणे स्पष्ट केले आहे. जमीन खासगी राहील, मालकाचा ताबा आणि नफा कमी होणार नाही, त्याची जोखीम वाढणार नाही आणि तरीही लोकांना तिथे नीट आखलेल्या वाटांवर गाड्या चालवता येतील. सरकारने एक एकरही सक्तीने घेतला नाही. प्राधिकरण मालकाशी करार करते, वाट आखते, पाट्या लावते, गस्त घालते. वाट वापरणाऱ्याला मालकाच्या जमिनीवर इजा झाली, तर मालक त्याला जबाबदार नाही, अर्थात त्याने ती मुद्दाम वा दुष्टबुद्धीने घडवून आणली नसेल तर. फाटके उघडली ती या एका तरतुदीने.

प्राधिकरणाचे मंडळ कसे असावे, तेही पाहण्याजोगे आहे. सहभागी असलेल्या प्रत्येक जिल्ह्याने दोन सदस्य नेमायचे. एक, ज्यांच्या जमिनीवरून वाट जाते किंवा जाईल अशा मालकांचा प्रतिनिधी. दुसरा, पर्यटन किंवा विकासाच्या कामातला अथवा खाण-लाकूड यांसारख्या उद्योगातला. म्हणजे एकाच टेबलावर डोंगराचा मालक आणि दरीतला लॉजवाला. ज्या दरीत बोलणी बंदुकीने होत असत, तिथे हे काही थोडे नव्हे.

वाट वापरणाऱ्यांसाठी नियमही कडक आहेत. प्रत्येकाजवळ परवाना हवा, डोक्यावर हेल्मेट हवे. दारू नको, काचेच्या बाटल्या नकोत. आखलेली वाट सोडायची नाही, एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवायचे नाही. अंधार पडला की वाट बंद. नियम मोडला तर दंड.

पहिल्या वाटा 2000 सालच्या ऑक्टोबरमध्ये खुल्या झाल्या. आज त्यांची एकूण लांबी हजार मैलांवर, म्हणजे 1600 किलोमीटरच्या पुढे गेली आहे. सोपी वाट हिरव्या खुणेची, मध्यम निळ्या आणि अवघड काळ्या. वर्षाला पन्नास हजारांहून कितीतरी अधिक परवाने विकले जातात आणि त्यांतले बहुतेक बाहेरच्या राज्यांतल्या लोकांचे. यश पाहून शेजारच्या व्हर्जिनियाच्या विधिमंडळानेही 2008 मध्ये आपल्या डोंगराळ जिल्ह्यांसाठी असेच प्राधिकरण स्थापन केले. पुढे केंटकीनेही तोच मार्ग धरला. नदीच्या दोन्ही काठांनी एकमेकांची नक्कल करावी, तर अशी!

चिखलाने माखलेले पाहुणे

मेटवनच्या मुख्य रस्त्यावर सकाळी उभे राहिले की गंमत दिसते. 1977 च्या महापुरानंतर बांधलेली उंच पूरभिंत गावाला कवेत घेऊन उभी आहे. तिच्या आत दोन-तीन रांगांचे गाव. आणि त्या रस्त्यावरून मोटारींच्या जोडीने चिखलाने माखलेल्या एटीव्ही धडधडत जातात. वाटेच्या लगतच्या अनेक गावांनी त्यांना आपल्या रस्त्यांवर यायला मुभा दिली आहे. त्यामुळे प्रवासी डोंगरातून थेट खाणावळीच्या दारात येतो, पेट्रोल भरतो, जेवतो आणि पुन्हा डोंगरात शिरतो. गाडी धुवायचे नळसुद्धा लॉजच्या अंगणात!

आम्ही उतरलो होतो ते घर एका साठीच्या बाई चालवतात. यजमान खाणीत होते, खोकल्याने गेले. मुलगा पोटापाण्यासाठी दक्षिणेत गेला होता. तो परत आला आणि आता गाड्यांची दुरुस्ती करतो. खाणीतल्या पगाराशी तुलना होईल का, असे माझ्या लेकीने विचारले. बाई हसल्या. "नाही हो. निम्मासुद्धा नाही. पण संध्याकाळी तो घरी येतो, आणि येईल की नाही याची मला काळजी नसते."

त्या उत्तरात या कायद्याचे यश आणि मर्यादा दोन्ही आली. हजारो खाणकामगारांना सामावून घेईल एवढे काम पर्यटनात नाही. लॉज, खाणावळ, गॅरेज यांतले रोजगार हंगामावर चालतात. गाड्यांचा आवाज सगळ्यांनाच रुचतो असेही नाही. शांत डोंगर हवा असणाऱ्याने इथे न गेलेले बरे.

आणि वाट शेवटी उसनी आहे. आपल्याकडे वहिवाट म्हटली की हक्क आला. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे अखंड, बिनतक्रार वापर झाला, तर दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा अधिकार पक्का होऊ शकतो. जुन्या मुंबई इलाख्यातला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो. महाराष्ट्रात पाणंदीच्या तंट्यांत लोक आजही त्याच्या आधारे तहसीलदाराकडे जातात. टग फोर्कच्या डोंगरातली गोष्ट उलटी आहे. तिथे हक्क नाही, परवानगी आहे. उद्या मालकाला तिथे कोळसा काढायचा असेल किंवा झाडे तोडायची असतील, तर वाट बंद होते, दुसरीकडून वळवली जाते. डोंगर कालही परक्याचा होता, आजही परक्याचाच आहे. दरीतल्या माणसाला मिळाले आहे ते फक्त त्यावरून जाण्या-येण्याचे भाडे.

तरीही मला ही उसनी वाट मोलाची वाटते. आपल्याकडे एकदा वाट अडवली की दोन पिढ्या कज्जात जातात. वहिवाट पडेल या धास्तीने मालक कुंपण घालतो, आणि कुंपण घातले म्हणून गाव चिडते. इथे कायद्याने आधी मालकाची धास्ती ओळखली, ती दूर केली आणि मग त्याच्याकडे वाट मागितली. कोणी हरले नाही, म्हणून फाटके उघडी राहिली.

जायचे असेल तर

मुलांकडे अमेरिकेच्या पूर्व भागात गेलात, तर वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी चार्ल्स्टन गाठावी. तिथून दक्षिणेला तास-दीड तासावर लोगन आहे. पुढे विल्यमसन आणि मेटवन. वाटा वर्षभर खुल्या असतात, पण ऑक्टोबरात यावे. तेव्हा सारा डोंगर तांबडा-पिवळा होतो. गाडी चालवायची नसेल, तरी मेटवनची पूरभिंत, विल्यमसनचे कोळसाघर आणि हॅटफिल्डांची कबर पाहण्यात एक दिवस सहज जातो. अमेरिकेत सर्वत्र दिसणारी झगमग इथे नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र डबा बरोबर ठेवलेला बरा!

2003 च्या जूनमध्ये केंटकीतल्या पाइकव्हिल गावी दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी समेटाच्या कागदावर रीतसर सह्या केल्या. त्या हत्यांना शतक उलटून गेले होते, त्यामुळे तो समारंभच होता. खरा समेट त्याआधी सात वर्षे झाला होता, असे मला वाटते. दोन्ही वैऱ्यांची नावे एका जोडरेघेने जोडून विधिमंडळाने ती एका प्राधिकरणाला दिली, तेव्हा. आज बाहेरगावचा पाहुणा ती नावे परवान्यावर वाचतो, हेल्मेटचा पट्टा आवळतो आणि डोंगराला लागतो. कोणी कोणाला का मारले, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. संध्याकाळी तो जिथे जेवतो, तिथली चूल मात्र त्यावर पेटते.