गाडलेल्या नदीवर बोअर घेताना

पुण्या-नागपुरात भूगर्भशास्त्र शिकून पश्चिम ऑस्ट्रेलियात नोकरीला लागलेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, माश्या खरंच इतक्या असतात का, आणि "ताई, मला पॅलिओचॅनलच्या कामावर टाकलंय, तिथे नेमकं बघायचं काय?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोनवर देऊन होतात. तिसऱ्याला वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमचं काम कॅलगुर्लीपासून दोन-अडीच तासांवर होतं. वर्षाला अडीचशे-पावणेतीनशे मिलिमीटर पाऊस. वाहती नदी औषधालाही नाही. नकाशावर निळी दाखवलेली तळी प्रत्यक्षात मिठाचे पांढरे माळ आहेत. पण ती एकामागोमाग एक रांगेत पडलेली दिसतात, कारण ती जुन्या नद्यांच्या वाटेवर आहेत. या नद्यांनी सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात दऱ्या कोरल्या. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी त्या दऱ्या बुजत गेल्या. तळाशी वाळू आणि गोटे, त्याला तिथले लोक वोलुबार सँडस्टोन म्हणतात. त्यावर जाड चिकणमाती, ती पर्कोलिली शेल. सगळ्यात वर लाल माती आणि झुडपं. तुम्ही उभे असता त्याच्या साठ मीटर खाली नदीचा तळ असू शकतो आणि वर त्याची काही खूण नसते.

अशा गाडलेल्या नदीलाच पॅलिओचॅनल म्हणतात. या चॅनलमध्ये लोक वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. यीलिरी इथे 1972 मध्ये अशाच जुन्या दरीतल्या कॅल्क्रीटमध्ये, म्हणजे जमिनीत घट्ट झालेल्या चुनखडीत, जेमतेम काही मीटर खोलीवर, युरेनियम सापडलं. कार्नोटाइट नावाचं पिवळंजर्द खनिज. कॅलगुर्लीजवळच्या कनोना गावात 1898 च्या सुमारास गाडलेल्या नाल्यातल्या सोन्याचा माग काढत लोक थेट कबरस्तानापर्यंत खणत गेले. आता ते गावच उरलेलं नाही. आम्हीही सोनंच शोधत होतो.

मी वाढले बेसाल्टवर. आपल्याकडे कुठल्याही घाटात गाडी थांबवा, खडक समोर उभा असतो. तिथे खडक चाळीस-पन्नास मीटर खोलवर कुजलेला. आपल्या मुरमासारखा, पण मुरमापेक्षाही मऊ, पांढरा, बोटाने दाबला की पीठ होणारा. पहिले काही आठवडे मला काहीच ओळखू येत नव्हतं. हे कुणाला सांगायची लाज वाटायची.

पहिली फेरी सरळ फसली. आमच्या आधीच्या लोकांनी गुरुत्वाकर्षणाचा सर्व्हे करून घेतला होता. नदीचा गाळ खडकापेक्षा हलका, म्हणून नकाशावर जिथे गुरुत्वाकर्षण कमी तिथे चॅनल, असा हिशेब. तो वाचायला बरा वाटतो. पण तिथला ग्रॅनाइटसुद्धा शेजारच्या ग्रीनस्टोनपेक्षा हलका असतो, आणि कुजलेला खडक ताज्या खडकापेक्षा. नकाशावरचा सुंदर निळा पट्टा या तिन्हींपैकी काहीही असू शकतो. आम्ही त्या पट्ट्यावर चारशे मीटरवर एक अशा रेषा आखल्या, प्रत्येक रेषेत शंभर मीटरवर एक बोअर. रेषांमागून रेषा झाल्या आणि प्रत्येक बोअरमधून तेच निघालं. थोडी लाल माती, मग पांढरा कुजका ग्रॅनाइट, त्यात टोकदार क्वार्ट्झचे कण. वाळू नाही, गोटा नाही. ड्रिलर काही बोलला नाही, पण प्रत्येक रॉड जोडताना माझ्याकडे बघायचा. मीटरमागे पैसे जात होते. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

मार्ग सापडला तो ऑफिसात. पश्चिम ऑस्ट्रेलियात कंपन्यांना शोधकामाचे अहवाल सरकारला द्यावे लागतात आणि काही वर्षांनी ते सगळ्यांना खुले होतात. वॅमेक्स म्हणून तो संग्रह आहे, घरबसल्या, फुकट. मी आमच्या पट्ट्यातले सगळे जुने अहवाल उतरवून घेतले आणि सोन्याचे बाजूला ठेवून पाण्याचे वाचले. कारण असं की सोन्याच्या गिरण्यांना प्रचंड पाणी लागतं, आणि ते याच गाडलेल्या नद्यांच्या वाळूतून उपसतात. समुद्रापेक्षा कित्येक पट खारट पाणी, पण दगड दळायला चालतं. पिण्याचं पाणी 1903 पासून 560 किलोमीटरवरून, पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून, नळाने येतं. म्हणजे नदी पायाखाली आणि चहाचं पाणी इतक्या लांबून. पाणी शोधणाऱ्यांना सोन्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी फक्त "इतक्या ते इतक्या मीटरला वाळू, पाणी भरपूर" एवढंच लिहून ठेवलं होतं. मला नेमकं तेवढंच हवं होतं. ते बोअर नकाशावर टाकले तर चॅनल आमच्या निळ्या पट्ट्याच्या पश्चिमेला, आजच्या तळ्यालाही बगल देऊन वळलेलं निघालं. तळी जुन्या नदीच्या वाटेवर असतात हे खरं, पण बरोबर तिच्या डोक्यावरच असतील असं नाही.

दुसऱ्या फेरीआधी वारसा-पाहणी झाली. त्या भूमीचे मूळ रहिवासी, त्यांच्यातली वडीलधारी माणसं, येऊन प्रत्येक रेषा चालून बघतात. त्यांनी तळ्याकाठचा एक भाग वगळायला सांगितला. कारण विचारायचं नसतं आणि आम्ही विचारलं नाही. दोन रेषा सरकवाव्या लागल्या. नव्या मुलांना सांगते, या कामाला वेळापत्रकात आधीच जागा ठेवा. रिग येऊन उभी राहिल्यावर ही धावपळ करू नका.

मग चिकणमाती. आमची रिग एअरकोअरची होती. तीन पात्यांचं बिट, दुहेरी रॉड, बाहेरच्या नळीतून हवा खाली जाते आणि नमुना आतल्या नळीतून वर येतो. मऊ जमिनीत हे यंत्र झरझर चालतं. पर्कोलिली मातीत मात्र अडकतं. राखाडी, हिरवट, मधे लाल डागांची ही माती इतकी चिवट, की आतल्या नळीत तिची कांडी तयार होते आणि वर काहीच येत नाही. तरुण ड्रिलर अशा वेळी जोर वाढवतात. आमचा म्हातारा होता. तो वेग कमी करायचा, थोडंसं पाणी सोडायचा, अर्धा मीटर खाली जाऊन रॉड थोडा वर ओढायचा, पुन्हा खाली. एका बोअरला दुप्पट वेळ लागायचा, पण नमुना यायचा. मी त्याला घाई करायची सोडून दिली.

माती संपून वाळू लागते तो क्षण कान देऊन ऐकला तर कळतो. रिगचा आवाज बदलतो, सायक्लोनमधून, म्हणजे नमुना हवेपासून वेगळा करणाऱ्या भांड्यातून, करकर येते. काही बोअरमध्ये आधी काळी, लाकडाच्या भुशासारखी कोळशाची माती आली आणि सडक्या अंड्यांचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहायचं आणि गॅस मीटर छातीला लावलेला असायलाच हवा. त्याखाली वाळू. आणि मग गोटे.

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळं काम याच दोन-तीन मीटरवर ठरतं. नदीचा तळ कुठे संपला आणि कुजका खडक कुठे सुरू झाला? दोन्ही पांढरट, दोन्ही ओले, दोन्हींत क्वार्ट्झ. मी प्रत्येक मीटरचा नमुना चाळणीत धुऊन ओंजळीत घ्यायचे. कण गोल, गुळगुळीत, वेगवेगळ्या रंगांचे असले तर नदी. टोकदार, एकाच जातीचे, आणि चिकणमातीच्या खड्यात खडकाचे जुने थर अजून दिसत असले तर खडक. अभ्रकाचे पापुद्रे दिसले की बहुतेक खडकच. ही रेघ चुकली तर पुढचं सगळं चुकतं. नदीतलं सोनं कुठून तरी आलेलं असतं. खडकातलं सोनं तिथलंच असतं. पहिल्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला शोधायचं, दुसऱ्यासाठी तिथेच आणखी खोल जायचं.

गोट्यांच्या थरात पाणी फुटलं आणि वाळू आत धसायला लागली. रॉड बदलायला थांबलं की भोक भरायचं. पिशवीत येणारा नमुना म्हणजे नुसता गाळ, त्यात वरचं किती आणि खालचं किती, देवाला ठाऊक. सोनं जड. ते बुडाशी बसतं, मागे राहतं, आणि पुढच्या मीटरच्या नमुन्यात दिसतं. मी वहीत अशा प्रत्येक मीटरपुढे "ओला, परतावा कमी" असं लिहीत गेले. वैतागून लिहीत होते, पण पुढे त्याच नोंदी कामी आल्या.

मधे पाऊस झाला. फार नाही, एक दुपार. पण तळ्याकाठची लाल माती भिजली की साबण होते. पाण्याचा टँकर अॅक्सलपर्यंत रुतला. मातीचे रस्ते बंद झाल्याचा निरोप आला. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, म्हणून आम्ही कॅम्पवर बसून राहिलो. डोंग्यात, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, एसी चालू आणि बाहेर माश्या. मी वही आणि चिप ट्रे काढून सगळे बोअर पुन्हा एकदा पाहिले. चिप ट्रेच्या वीस-वीस कप्प्यांत प्रत्येक मीटरची चिमूट असते. एका जागी ओळीने मांडल्यावर नदीचा काप डोळ्यांना दिसायला लागला. जागेवर प्रत्येक बोअर स्वतंत्र वाटला होता.

तपासणीचे आकडे आले तेव्हा एका बोअरच्या तळाच्या चार मीटरच्या मिश्र नमुन्यात टनाला दोन ग्रॅमच्या वर सोनं होतं. ऑफिसात आनंद. मला आनंद कमी आणि धाकधूक जास्त, कारण माझ्या वहीत त्या चारपैकी तीन मीटरपुढे "ओला" लिहिलेलं होतं. एक-एक मीटरचे नमुने वेगळे पाठवले. आणि तोवर मी राखून ठेवलेल्या पिशव्यांतला गाळ परातीत घोळवला. सराफ बाजारातले झारेकरी दुकानांसमोरची माती धुतात, तसंच काम. पाणी घ्यायचं, हलकं हलकं बाहेर सांडायचं, शेवटी काळ्या जड वाळूची शेपटी उरते. तिच्या टोकाला सोनं दिसलं. अगदी बारीक, पण दिसलं.

भिंगाखाली धरलं तर ते मला वाटलं होतं तसं नव्हतं. नदीने वाहून आणलेलं सोनं चपटं आणि कडा झिजलेलं असतं. यातले बरेच कण टोकदार होते, काहींवर स्फटिकाच्या कडा. या भागातल्या चॅनलमधलं पुष्कळ सोनं नदीने आणलेलं नसतंच. खारट, आम्लधर्मी भूजलात क्लोराइड असतं. त्यात सोनं विरघळतं, आणि कोळसा किंवा लोहासारखं काही भेटलं की पुन्हा बाहेर पडतं. अशा सोन्यात चांदी जवळपास नसते. म्हणजे सोनं नदीत आहे, पण नदीच्या वरच्या अंगाला त्याचा उगम असेलच असं नाही. ते बाजूच्या खडकातून पाण्याबरोबर झिरपून आलेलं असू शकतं.

म्हणून पुढची फेरी वेगळी आखली. चॅनलच्या लांबीने न जाता त्या बोअरच्या दोन्ही बाजूंना, काठाच्या पलीकडे, पन्नास-पन्नास मीटरवर बोअर घेतले. पूर्वेकडे काही नाही. पश्चिमेकडे, काठाखालच्या कुजक्या ग्रीनस्टोनमध्ये, क्वार्ट्झच्या शिरा आणि थोडं सोनं. ते नमुने कोरडे होते, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवता आला. एक-एक मीटरचे आकडेही आले. चार मीटरमधलं जवळजवळ सगळं सोनं एकाच मीटरमध्ये होतं, गोट्यांच्या अगदी बुडाशी.

खाण झाली का, असं आई फोनवर विचारायची. नाही झाली. खडकातल्या शिरा बारीक निघाल्या, आणि चॅनलमधलं सोनं एवढी माती आणि एवढं खारं पाणी उपसून काढायला परवडणारं नव्हतं. कंपनीने अर्धा पट्टा सोडला आणि पश्चिमेकडचा ठेवला. मला वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. बहुतेक शोधकाम असंच संपतं.

कामाच्या चार गोष्टी राहिल्या. सुटे टायर दोन न्या, एक पुरत नाही. सॅटेलाइट फोन रोज सकाळी चालू करून बघा. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली गाडीत उन्हात ठेवू नका. कॅल्क्रीट ओळखायला ती लागते, पण झाकण ढिलं असेल तर सीटला भोक पडतं. आणि शेवटचा बोअर झाला की लगेच विमान पकडून पर्थला पळू नका. प्रत्येक भोक बुजवायचं असतं, पिशव्या गोळा करायच्या असतात, रेषा नांगरून द्यायच्या असतात, आणि सहा महिन्यांत ते केल्याचे फोटो सरकारला द्यावे लागतात. उन्हाने पिशव्यांचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. उशीर केलात तर एक एक तुकडा हाताने वेचावा लागतो, झुडपांतून, माश्यांच्या घोळक्यात.