गाठ आपोआप विरते तेव्हा

प्रिय सुधाताई,



‘उपचाराविनाही कर्करोगाची गाठ विरते, मग थोडं थांबून पाहिलं तर काय बिघडलं?’ हा तुझा प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. एव्हरसन आणि कोल या अमेरिकी शल्यविशारदांनी 1966 साली अशा 176 रुग्णांच्या नोंदी पुस्तकरूपाने मांडल्या. उपचार झालेले नाहीत किंवा अगदीच अपुरे, आणि तरी गाठ आक्रसलेली किंवा नाहीशी झालेली. पण या नोंदी कित्येक दशकांच्या वैद्यकीय लिखाणातून वेचाव्या लागल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मूत्रपिंडाचा कर्करोग, लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा, मेलानोमा आणि कोरिओकार्सिनोमा या चारच प्रकारांच्या होत्या. स्तनाच्या कर्करोगाच्या, म्हणजे तुझ्या आजाराच्या, फार थोड्या. शिवाय गाठ विरली म्हणजे रोग कायमचा गेला असं नव्हे, हेही त्या दोघांनी बजावून ठेवलं आहे.

तू म्हणशील, जे इस्पितळाची पायरीच चढले नाहीत त्यांची नोंद कोण ठेवणार? रास्त आहे. पण वाट पाहण्यात जे दगावले, त्यांची हकिगत तरी कोण सांगत फिरतं? येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2018 साली 281 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोग दूर पसरलेला नसताना या रुग्णांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय केले होते. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटीहून अधिक. हा आकडा तू दोनदा वाचावास.

याहून वजनदार आक्षेप तान्ह्या मुलांचा आहे. जपानने 1980च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधायला सुरुवात केली. सापडलेल्या बऱ्याच गाठी न छेडताही विरल्या असत्या, हे पुढे उमगलं आणि 2004 साली ती मोहीम थांबली. आज अशा काही बाळांवर डॉक्टर केवळ लक्ष ठेवतात. मात्र तिथे वय, गाठीचा आकार, तिच्या पेशींतली जनुकं हे सारं पारखलेलं असतं, वरचेवर सोनोग्राफी होते आणि गाठ वाढू लागली की उपचार सुरू होतात. तुझ्या आजारात थांबण्याला असा कसलाही आधार नाही.

आणि गाठी विरतात कशा, याचा शोध थांबलेला नाही. तीव्र त्वचासंसर्ग झालेल्या एका रुग्णाची गाठ विरल्याची नोंद वाचून न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या डॉक्टरांनी 1891पासून रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. ती पद्धत धोक्याची आणि बेभरवशाची होती, पण शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी झुंजू शकते हा विचार टिकला. मूत्राशयाच्या कर्करोगात आज बीसीजी लस वापरतात, ती त्याच विचारातून. प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवण्याच्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना 2018चं नोबेल मिळालं. म्हणजे त्या दुर्मीळ नोंदींतून वैद्यकाने जे उचललं, तेही उपचार म्हणूनच तुझ्यापर्यंत पोचतं आहे.

ताई, शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नकोस. मनात शंका असेल तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घे, पण ते याच आठवड्यात घे.

तुझा,
विनायक